अ‍ॅरन स्वेटर खरंच किती जुना? विणकामाच्या इतिहासातून पुराव्याचा एक धडा



मागच्या हिवाळ्यात मी बाबांसाठी एक स्वेटर विणला. छातीचं माप ४० इंच. पुस्तकातला नमुना अगदी साधा होता: इंचाला ५ टाके, म्हणजे २०० टाके घाला आणि विणत सुटा. पण साधं विणायचा कंटाळा आला, म्हणून मी स्वतःहून त्यात वेणीची वीण घातली. पुढे तीन वेण्या, मागे तीन, मध्ये शंकरपाळ्यांची नक्षी. दोन महिने खपून स्वेटर तयार झाला. बाबांनी तो श्वास रोखून अंगात चढवला आणि म्हणाले, "छान झालाय गं. फक्त जेवायच्या आधी घालत जाईन."

काय चुकलं होतं? वेणीच्या विणीत टाके एकमेकांवरून ओलांडून जातात, त्यामुळे कापड आत ओढलं जातं. मी माप घेतलं होतं साध्या विणीच्या तुकड्यावर. वेणीत तेच प्रमाण इंचाला साडेपाच टाक्यांवर गेलं. आता हिशोब करा: २०० भागिले साडेपाच, म्हणजे ३६ इंचांच्या जरासं वर. इंचामागे अर्ध्या टाक्याचा फरक, पण घेरात साडेतीन इंचांहून जास्त घट.

विणकामाची गोष्ट तुम्हाला का सांगतेय? कारण साधारण तशीच चूक मी पीएचडीच्या प्रस्तावात केली होती. माप एका ठिकाणी घेतलं आणि लावलं भलत्याच ठिकाणी. संशोधनाची तयारी करत असाल तर ही गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे.

एक सुंदर कथा

वेण्या, शंकरपाळ्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, आणि सगळं न रंगवलेल्या जाड पांढरट लोकरीत: अशा स्वेटरला 'अ‍ॅरन स्वेटर' म्हणतात. नाव आलं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अ‍ॅरन बेटांवरून. गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी ही तीन छोटी बेटं आहेत.

या स्वेटरची एक कथा तुम्ही कधीतरी ऐकली असेल. बेटावरच्या प्रत्येक कुळाची वीण वेगळी, ती शेकडो वर्षं आईकडून मुलीकडे जशीच्या तशी आलेली. कारण काय, तर मच्छीमार समुद्रात बुडाला आणि प्रेत दूर कुठे किनाऱ्याला लागलं, तरी स्वेटरवरून कूळ ओळखता यावं. आजही तुमच्या आयरिश आडनावाची वीण म्हणून स्वेटर विकले जातात.

मी ही कथा माझ्या पहिल्या प्रस्तावात जशीच्या तशी लिहिली होती. 'लोकपरंपरेतील वस्त्र आणि कुळाची ओळख' असं एक अख्खं प्रकरण त्यावर बेतलं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते पान वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, हे तुला कसं कळलं?"

मी तीन पुस्तकांची नावं सांगितली. मॅडम म्हणाल्या, "त्यांना कसं कळलं ते बघून ये."

मागे मागे जाताना

या कथेचा एक धागा एका नाटकापाशी पोचतो. जॉन मिलिंग्टन सिंज हा आयरिश लेखक १८९८ पासून काही वर्षं उन्हाळ्यात अ‍ॅरन बेटांवर जाऊन राहत होता. तिथल्या आयुष्यावर त्याने 'रायडर्स टू द सी' ही एकांकिका लिहिली. १९०४ साली डब्लिनमध्ये तिचा प्रयोग झाला. त्यात बुडालेल्या भावाची ओळख विणलेल्या वस्तूवरून पटते, हे खरंय. पण ती वस्तू स्वेटर नाही, साधा पायमोजा आहे. त्यावर कुळाची नक्षीबिक्षी काही नाही. बहिणीला तो ओळखू येतो, कारण तो तिने स्वतः विणलेला असतो आणि किती टाके घातले, किती सोडले हे तिच्या लक्षात असतं.

फरक लक्षात घ्या. कथा सांगते की वीण कुळाची होती. नाटक सांगतं की टाक्यांचा हिशोब एका बाईचा होता. शिवाय ते नाटक आहे. पण मूळ न वाचता एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलं की मोज्याचा स्वेटर होतो आणि बहिणीचं कूळ होतं.

दुसरा धागा हाइन्झ एडगर कीव या गृहस्थांचा. त्यांचं ऑक्सफर्डमध्ये लोकर आणि भरतकामाच्या सामानाचं दुकान होतं. १९३६ साली डब्लिनमध्ये त्यांना असा एक पांढरा स्वेटर दिसला आणि त्यांनी तो घेतला. त्यातल्या गुंतलेल्या वेण्या त्यांना 'बुक ऑफ केल्स' या जुन्या आयरिश हस्तलिखितातल्या नक्षीसारख्या वाटल्या. १९६७ मध्ये त्यांनी विणकामाच्या 'पवित्र इतिहासा'वर पुस्तक काढलं आणि ही वीण थेट प्राचीन ख्रिस्ती मठांपर्यंत नेऊन भिडवली.

आता तारखा मांडून बघा. 'बुक ऑफ केल्स' साधारण इसवी सन ८०० च्या सुमाराचं. सुयांवर विणलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू आपल्यापर्यंत आल्या आहेत, त्या इजिप्तमध्ये सापडलेल्या सुती मोज्यांसारख्या. त्या साधारण अकराव्या शतकापासून पुढच्या मानल्या जातात. त्याआधीचे मोजेही सापडतात, पण ते एकाच सुईने गाठींसारखे फास घालत केलेले, वेगळ्या तंत्राचे. वरवर बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. म्हणजे हस्तलिखितातली गुंफण विणकामाची असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. दोन नक्ष्या सारख्या दिसल्या, एवढाच कीव यांचा पुरावा होता. माझ्या तीन पुस्तकांचा प्रवास शेवटी तिथेच जाऊन थांबत होता.

हे सगळं नीट तपासलं रिचर्ड रट यांनी. हे पेशाने धर्मगुरू, इंग्लंडमधल्या लेस्टरचे बिशप, आणि स्वतः हाडाचे विणकर. १९८७ साली आलेला त्यांचा हाताच्या विणकामाचा इतिहास या विषयात पाया मानला जातो. पुढे १९९७ मध्ये अ‍ॅलिस स्टारमोर या स्कॉटिश विणकाम-रचनाकार बाईंनी अ‍ॅरनवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि वस्तू, तंत्र, तारखा तपासून तोच निष्कर्ष अधिक पक्का केला.

मग खरं काय?

ब्रिटनच्या किनाऱ्यांवर मच्छीमारांचा 'गॅन्सी' नावाचा स्वेटर होता: गडद निळा, बारीक पिळाच्या लोकरीचा, घट्ट, गोलात विणलेला. नक्षी मुख्यतः उलट-सुलट टाक्यांची. आयर्लंडच्या गरीब पश्चिम भागासाठी सरकारने १८९१ मध्ये एक मंडळ नेमलं. मासेमारी वाढावी म्हणून त्याने प्रयत्न केले, बाहेरचे मच्छीमार आणि त्यांची कुटुंबं या भागात येऊ लागली. त्यांच्याबरोबर गॅन्सीही आला. अ‍ॅरनच्या बायकांनी तो बघितला आणि बदलायला घेतला. लोकर जाड घेतली, रंग काढून टाकला, वेण्या वाढवल्या, नक्षी अंगभर पसरवली. हे सगळं विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत घडलं.

१९३० मध्ये म्युरियल गॅहन यांनी डब्लिनमध्ये 'द कंट्री शॉप' सुरू केलं. तिथे खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या हातच्या वस्तू विकल्या जात, अ‍ॅरनचे स्वेटरही. १९६१ साली क्लॅन्सी ब्रदर्स या गायकांनी अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात हे स्वेटर घातले आणि मग मागणी आकाशाला भिडली.

म्हणजे 'हजार वर्षांची परंपरा' प्रत्यक्षात जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची. प्रकरण गेलं, कथा गेली, प्रस्ताव नव्याने लिहिणं आलं. खरं सांगते, त्या आठवड्यात मला रडू आलं होतं.

पण नंतर एक गोष्ट लक्षात आली आणि आज माझा सगळा प्रबंध त्यावर उभा आहे. कथा खरी मानली तर अ‍ॅरनच्या बायका काय ठरतात? आजीचं आईने आणि आईचं मुलीने जसंच्या तसं उतरवणाऱ्या. पुरावा मानला तर? आलेली वस्तू उलगडून बघणाऱ्या, हिशोब नव्याने मांडणाऱ्या, बाजारात काय खपेल याचा विचार करणाऱ्या कारागीर. 'प्राचीन' हा शब्द आपण कौतुकाने वापरतो, पण तो वापरला की जिने ती गोष्ट केली तिचं श्रेय पुसलं जातं. तुमचा विषय पैठणी असो, ओवी असो नाहीतर एखादा सण, हा धोका तिथेही आहे.

छापील नमुना म्हणजे पुरावा नव्हे

दुसरा धडा छापील नमुन्यांचा. १८४० मध्ये एडिंबरोच्या जेन गोगेन या दुकानदार बाईंनी विणकामाचं पुस्तक काढलं. त्यांनी टाक्यांसाठी संक्षिप्त खुणा वापरल्या, पुस्तक खूप खपलं. पण त्या काळातल्या बहुतेक नमुन्यांमध्ये इंचाला किती टाके हेच दिलेलं नसे. मापंही क्वचित. म्हणजे वाचणारीने आपल्या लोकरीप्रमाणे, आपल्या माणसाप्रमाणे बदल करायचा हे गृहीतच होतं. असं पुस्तक हातात घेऊन 'तेव्हा लोक हे असं विणत' असं लिहिलंत तर फसाल. पुस्तक सांगतं काय करावं. केलं काय, हे वस्तू सांगते.

छापताना मधे संपादकही असतो. एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) या मूळच्या इंग्लंडच्या, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहिलेल्या. गोलात, शिवण न घालता विणायचं हा त्यांचा आग्रह. एका मासिकाने त्यांच्या गोल योकच्या स्वेटरची कृती छापताना ती बदलून सपाट तुकड्यांत विणायची करून टाकली. बाई वैतागल्या आणि १९५८ पासून स्वतःचं वार्तापत्रच काढायला लागल्या. पहिल्याच अंकात आपला योकचा स्वेटर आपल्या पद्धतीने दिला. समजा, वार्तापत्र उरलंच नसतं आणि आपल्या हाती फक्त मासिक लागलं असतं, तर? तिच्या नावावर आपण भलतीच पद्धत लिहून मोकळे झालो असतो.

झिमरमन बाईंनी टाक्यांचे आकडे घोकायला न सांगता प्रमाण शिकवलं. घेर गुणिले इंचाचे टाके, हा मूळ आकडा. त्याच्या २० टक्के मनगटाला, साधारण ३३ टक्के दंडाला, ४० टक्के गळ्याला. मूळ आकडा २०० असेल तर मनगट ४०, दंड ६६, गळा ८०. लोकर बदला, माणूस बदला, प्रमाण साथ सोडत नाही. १९७१ च्या त्यांच्या पुस्तकातून हे घरोघर पोचलं.

तुमच्यासाठी तीन प्रश्न

कुठलाही स्रोत हातात आला की मी आता वहीच्या समासात हे तीन प्रश्न लिहिते:

१. हे सांगणाऱ्याला कसं कळलं? एक पायरी मागे जा. मग अजून एक. धागा जिथे तुटतो ती जागा लिहून ठेवा.

२. हा स्रोत 'काय करावं' सांगतोय की 'काय केलं' सांगतोय? पाककृतीचं पुस्तक, शिष्टाचाराचं पुस्तक, सरकारी नियम, विणकामाचा नमुना, हे सगळे पहिल्या गटातले. त्यांच्यावरून व्यवहार सिद्ध होत नाही.

३. बदल कुठे दिसतोय? दोन प्रतींमध्ये फरक असेल तर लगेच 'चूक' म्हणून बाजूला सारू नका. तो कोणी केला, का केला, हे विचारा. पुष्कळदा खरा इतिहास त्या फरकातच दडलेला असतो.

आणि चौथं, मॅडमचं वाक्य: कथा जितकी सुंदर, तितकं जास्त तपासायचं.

बाबांच्या स्वेटरचं काय झालं? उसवला. लोकरीचे लडे करून धुतले, वजन बांधून वाळत टाकले, म्हणजे पडलेल्या लाटा जातात. मग वेणीच्याच विणीत हातभर रुंद तुकडा विणला, त्यावर मोजलं आणि २२० टाके घातले. नमुन्याच्या पानावर २०० खोडून पेन्सिलने २२० लिहिलं, शेजारी तारीख आणि कारण लिहिलं. उद्या कोणाच्या हाती ते पुस्तक लागलंच, तर या घरात काय विणलं गेलं हे छापील आकड्यावरून नाही, त्या खोडलेल्या आकड्यावरून कळेल.

बाबा आता तो जेवल्यावरही घालतात.

तुमच्या विषयात अशी एखादी 'सगळ्यांना माहीत असलेली' गोष्ट आहे का? या आठवड्यात तिच्या दोन पायऱ्या मागे जाऊन बघा. काय सापडलं ते मला नक्की कळवा.