गिरमिटाची नोकरी

परदेशी नोकरी म्हटली की आपणांस पदवीधर आठवतो. आम्हांस मात्र मॉरिशसला गेलेला मजूर आठवतो. गुलामगिरी संपणार हे दिसताच तेथील मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळवली. नोव्हेंबर १८३४ मध्ये ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून तेथे उतरले. पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची माणसेही त्याच उसाच्या मळ्यांत गेली. पहिला करार पाच वर्षांचा. महिना पाच रुपये, वर शिधा. कागदावर यात वाईट काय? पण एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापीत, आणि काम सोडून जाणे हा चक्क गुन्हा ठरे. त्याला तुरुंग होता. आमच्या मते सावकाराचे कूळही याहून मोकळे होते! ‘अ‍ॅग्रिमेंट’चे ‘गिरमिट’ मजुरांनीच केले. मराठीत गिरमिट म्हणजे भोक पाडण्याचे हत्यार, हा योगायोग बोलका खरा. ४ मार्च १९१२ रोजी नामदार गोखल्यांनी ही पद्धतच बंद करण्याचा ठराव कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. सरकारी मतांनी तो पडला. मॉरिशसची भरती तोवर थांबली होती. इतर वसाहतींची थांबायला १९१७ साल उजाडले.