पगाराचा कागद

जयपूरला विमानाने येणारा मराठी माणूस प्रत्यक्षात उतरतो तो सांगानेरला. छापील चादरींमुळे हे नाव त्याच्या घरी आधीच पोचलेले असते. सांगानेरची दुसरी ओळख मात्र हातकागदाची आहे. आंबेर दरबाराच्या आश्रयाने कागझी कुटुंबे येथे स्थिरावली. दरबाराची दप्तरे आणि व्यापाऱ्यांच्या वह्या त्यांच्या कागदावर लिहिल्या गेल्या. हिशेब राजाचा आणि तो पाहण्याचा अधिकारही राजाचाच. ज्याच्या साऱ्यावर दरबार चाले, त्या शेतकऱ्याने कोणत्या अधिकाऱ्याला काय मिळते हे विचारण्याची सोय नव्हती.

आज माझे मासिक वेतन कोणालाही पाहता येते. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक अधिकाऱ्याचे व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे आहे. त्यासाठी नागरिकाला अर्ज करावा लागत नाही. आमची पहिली यादी लागली तेव्हा एक सहकारी त्रासून म्हणाले, “शेजाऱ्याने माझा पगार का मोजावा?” खरे सांगायचे तर मलाही ते थोडे खटकले होते.

या प्रश्नाचे उत्तर मला इतिहासात सापडले, आणि तेही एका मराठी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाकडे. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले. त्यांच्या हाती ब्रिटिश संसदेपुढे १८९२ मध्ये ठेवलेले एक वेतनविवरण होते. वर्षाला १०,००० रुपये किंवा अधिक वेतन घेणारे २,३८८ अधिकारी, आणि त्यांत भारतीय केवळ ६०. गोखल्यांना आवाज चढवण्याची गरज नव्हती. सरकारनेच छापलेला आकडा सरकारपुढे ठेवला की पुरे होते. पगाराची यादी कुतूहलाची गोष्ट राहिली नाही, ती राजकीय प्रश्नाचा पुरावा झाली. पुढे १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने सरकारी अधिकाऱ्याचे वेतन सर्वसाधारणपणे महिना ५०० रुपयांहून अधिक नसावे असा ठराव केला, त्यामागे हीच विचारपरंपरा होती. स्वतंत्र भारताने तर राष्ट्रपतींचे महिना १०,००० रुपये हे वेतन संविधानाच्या दुसऱ्या अनुसूचीतच लिहून ठेवले.

परंतु विवरण मिळवणे हा तेव्हा संसदेचा अधिकार होता, रयतेचा नव्हे. तो सामान्य माणसाच्या हाती आला तो राजस्थानच्या मातीतून. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे जनसुनवाई भरवली आणि सरकारी कामांची कागदपत्रे गावासमोर वाचून दाखवली. हजेरीपत्रकात कोणाच्या नावावर किती दिवस, किती मजुरी, हे ज्याचे त्याने ऐकले आणि खोट्या नोंदी तिथल्या तिथे उघड झाल्या. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवसांचे धरणे झाले. “हमारा पैसा, हमारा हिसाब” ही त्यांची घोषणा होती. २००० मध्ये राजस्थानने स्वतःचा माहिती कायदा केला आणि पाच वर्षांनी देशाचा कायदा झाला.

माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ज्या मजुराची दिवसाची मजुरी गावासमोर मोठ्याने वाचली जाते, त्याचे खाजगीपण आपल्याला कधी आठवले नाही. मग त्याच कामावर सही करणाऱ्याचा पगार तेवढा गुप्त का? दोघांचे पैसे एकाच तिजोरीतून येतात. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून किमान वेतन १८,००० आणि कमाल २,५०,००० रुपये ठरवले. हे सुमारे चौदापट अंतर योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. पण वाद घालण्यासाठी दोन्ही आकडे सर्वांसमोर असले पाहिजेत.

याला मर्यादा आहेत, आणि त्या असाव्यात. २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याचे प्राप्तिकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती मानली. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही, असे म्हटले. घरातील खर्च, कर्ज, आजारपण यांवर जनतेचा हक्क नाही. वैयक्तिक माहितीसंबंधीचे कलम २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अधिक कडक केले. वेतन प्रसिद्ध करण्याच्या कर्तव्याला मात्र त्याने हात लावलेला नाही.

खरी उणीव वेगळीच आहे. कित्येक मंडळे व महामंडळे नुसती वेतनश्रेणी छापून मोकळी होतात. भत्ते, निवासस्थान, वाहन आणि कंत्राटी सल्लागारांचे मानधन त्या तक्त्यात शोधावे लागते. पद जितके वरचे, तितका आकडा धूसर. कायद्याची शब्दयोजना मात्र ‘मिळणारे’ वेतन अशी आहे, ‘मंजूर’ वेतन अशी नव्हे.

सांगानेरचे कागझी आजही कागद करतात. त्यावर हिशेब लिहिणारे हात बदलले. वाचणारे डोळेही बदलले. माझा पगार कोणी वाचला म्हणून आता मला संकोच वाटत नाही. तो वाचून “या पैशात काम काय केलेत?” असे कोणी विचारले, तर उत्तर देता आले पाहिजे, एवढीच काळजी उरते.