६ व्होल्टचा दिवा, २३० व्होल्टची माळ

भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव बाहेरच्या जगाला आज ओळखीचे आहे ते पत्त्यांमुळे. घरपोच आलेल्या खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचला, तर वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे अशी नावे भेटतात. ठाण्याच्या खाडीपलीकडील या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली. त्यांच्या आडोशाला जुनी गावठाणे, देवळे आणि अंगणे अजून टिकून आहेत. हळदीची रात्र असो, गणपती असो वा दिवाळी, या अंगणांवर दिव्यांच्या माळा चढतात. त्या माळांना वीज स्वस्तात आणि निर्धोकपणे कशी द्यावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. त्याचे उत्तर सापडायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

महाराष्ट्रातील सार्वजनिक रोषणाईचे जुने रूप म्हणजे देवळापुढील दगडी दीपमाळ. त्रिपुरी पौर्णिमेला तिच्या हातांवर पणत्या लागत. तेल खर्ची पडे, वाऱ्याची भीती असे. पण एक गुण मोठा होता. एक पणती विझली, तरी शेजारची जळत राही. पुढे विजेच्या माळेने नेमका हाच गुण गमावला.

विजेच्या शोभेच्या दिव्यांसाठी १८८२ हे वर्ष विलक्षण ठरले. नोव्हेंबरमध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात ‘आयोलँथी’ हे संगीत नाटक रंगमंचावर आले. त्यातील पऱ्यांच्या केसांत इवलेसे विजेचे दिवे चमकत होते आणि त्यांना वीज पुरवणारी बॅटरी नटीने अंगावरच वागवली होती. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले. त्याच वर्षी मुंबई महापालिकेने क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्ते विजेने उजळण्यासाठी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला.

मुंबईचा प्रयोग फसला. दुसऱ्याच वर्षी कंपनी दिवाळ्यात निघाली आणि मार्केटमध्ये पुन्हा गॅसचे दिवे आले. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ पासून गॅस जळत होता. तो स्वस्त होता आणि सवयीचा होता. शहराला वीज स्थिरपणे मिळू लागली ती १९०५ नंतर, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनीच्या काळात. आणि १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राने तिला घाटाचे पाणी जोडून दिले. गावोगावच्या वरातींत तर त्यानंतरही अनेक दशके डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसेच चालत राहिली.

सॅव्हॉयच्या त्या पऱ्यांकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास त्यांच्या केसांत गुंतलेला आहे. इवलासा दिवा जास्त दाबावर चालवणे अवघड असते. २३० व्होल्ट पेलायचे, तर तार फार लांब आणि फार बारीक लागते. ती चण्याएवढ्या काचेत मावत नाही आणि मावली तरी टिकत नाही. म्हणून छोटा दिवा कमी व्होल्टचाच असावा लागतो. नाटकात ते जमले, कारण वीज बॅटरीची होती. घरोघरी मात्र वीज आली ती जास्त दाबाची. मग ६ व्होल्टचा दिवा २३० व्होल्टच्या खटक्याला जोडायचा कसा?

मार्ग दोन होते. एक, रोहित्र बसवून दाब १२ व्होल्टवर आणणे. हा मार्ग सुरक्षित, पण खर्चिक. रोहित्राला लोखंड आणि तांबे लागते. शिवाय दाब उतरला की प्रवाह वाढतो. ६० वॅटच्या रोषणाईला २३० व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. १२ व्होल्टवर तोच ५ अँपिअर होतो. तारेतील नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे त्याच तारेत ती सुमारे साडेतीनशे पट होते. माळेचे शेवटचे दिवे मंदावू नयेत म्हणून जाड तांबे घ्यावे लागते. दोनपाच रात्रींच्या सणासाठी हा खर्च कोण करणार?

दुसरा मार्ग शून्य खर्चाचा होता. ६ व्होल्टचे चाळीसएक दिवे एकापुढे एक, एकाच रांगेत जोडायचे. दाब आपोआप वाटला जातो. अमेरिकेत पुरवठा ११० व्होल्टच्या आसपास असल्याने तिथे १५ व्होल्टचे ८ दिवे पुरत. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्याने माळ लांबली. लोक तिला ‘सिरीज’ म्हणू लागले आणि मुंबईच्या लोहार चाळीपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत दिवाळीचा अर्थ तीच ठरली. पश्चिम बंगालमधील चंदननगरच्या कारागिरांनी अशाच चिमुकल्या दिव्यांना फिरत्या रुळांची जोड देऊन हलती चित्रे घडवली. गरिबाच्या दारात शेकडो दिवे आणणारी ही युक्ती खरोखर कल्पक होती. तिला नावे ठेवताना हे विसरता कामा नये.

पण तिच्या पोटात एक फसवणूक होती. माळेतील एक दिवा गेला की सारी माळ विझते. घरातील मोठा मुलगा मग एकेक दिवा काढून पाहतो. माळ अंधारात आहे, दिवा ६ व्होल्टचा आहे, म्हणून त्याला भय वाटत नाही. प्रत्यक्षात प्रवाह थांबला की दिव्यांमध्ये दाब वाटला जाणेही थांबते आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या एका तुटलेल्या जागी येऊन उभे राहतात. म्हणजे माळ पेटलेली असताना त्या दिव्याच्या दोन टोकांमध्ये ६ व्होल्ट होते. विझल्यावर त्याच रिकाम्या खोबणीत २३० असतात. विझलेली माळ पेटलेल्या माळेपेक्षा अधिक घातक, हे सांगूनही पटत नाही.

गेलेला दिवा वगळून दोन तारा पिळून जोडण्याची रीतही घराघरांत होती. माळ पुन्हा लागे, पण उरलेल्या दिव्यांवर दाब थोडा वाढे आणि ते लवकर जात. मग आणखी एक पीळ, आणखी एक उघडा जोड. गणेशोत्सव येतो भाद्रपदात. मांडवाचे लोखंडी पाइप ओले, जमीन ओली, पाय अनवाणी. भिजलेल्या शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. १२ व्होल्टवर फक्त १२. गळती होताच वीज तोडणारे यंत्र घरासाठी साधारण ३० मिलिअँपिअरला चालावे असे ठरवलेले असते, यावरून अंतर लक्षात यावे.

शब्दांनीही घोळ घातला. भारतीय वीज नियम, १९५६ प्रमाणे २५० व्होल्टपर्यंतचा दाब हा ‘कमी दाब’ होता. महावितरणच्या भाषेत घरापर्यंत येणारी तार आजही ‘लघुदाब वाहिनी’ असते. ३३ हजार व्होल्ट हाताळणाऱ्या अभियंत्याच्या दृष्टीने २३० लघु आहेतच. हाताने स्पर्श होणाऱ्या उपकरणांसाठी जो दाब सौम्य मानतात, तो अतिलघुदाब. प्रत्यावर्ती विजेसाठी त्याची मर्यादा ५० व्होल्ट धरतात. ‘लघु’ आणि ‘अतिलघु’ या दोन शब्दांमधील फरक अनेकदा जीवावरचा असतो.

स्वस्ताईची आणखी एक वाट होती, ती म्हणजे विजेच्या खांबावर टाकलेला आकडा. भिवंडीत हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. यंत्रमागांच्या या शहरात वीजगळती आणि चोरी इतकी होती की अर्ध्याहून अधिक विजेचे मोल हाती येत नसे. अखेर २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने भिवंडी परिमंडळातील वितरण टोरंट पॉवरकडे सोपवले. वितरण फ्रँचायझीचा हा देशातील पहिला प्रयोग. आकड्याची वीज फुकट असते, पण तिच्यामागे मीटरबरोबरच फ्यूज, अर्थिंग आणि गळतीरोधक यंत्रही नसते. मंडळांनी तात्पुरती अधिकृत जोडणी घ्यावी, असे आवाहन दर गणेशोत्सवापूर्वी केले जाते, ते केवळ बिलासाठी नव्हे.

कोंडी फुटली ती एलईडीमुळे. तांबडा एलईडी १९६२ मध्येच निक होलोन्याक यांनी अमेरिकेत बनवला होता. निळा यायला १९९० चे दशक उजाडले आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. बिल घटले, एवढेच या शोधाचे श्रेय सांगितले जाते. रोषणाईच्या इतिहासात त्याचा खरा परिणाम तारेवर झाला. जिथे ६० वॅट लागत तिथे ६ वॅट पुरू लागले. १२ व्होल्टवर ५ ऐवजी अर्धा अँपिअर. जाड तांब्याची गरज सरली. लोखंडी रोहित्राची जागा तळहातावर मावणाऱ्या अ‍ॅडॅप्टरने घेतली. सॅव्हॉयच्या पऱ्यांना जे बॅटरीने साधले होते, ते आता कोणत्याही अंगणाला परवडू लागले.

तरीही जुनी सिरीज मेली नाही. तिने वेश बदलला. बाजारातील अनेक स्वस्त एलईडी माळांत अ‍ॅडॅप्टर नसतोच. ३ व्होल्टचे सत्तरएक एलईडी रांगेत लावून, मधे एक छोटी डबी घालून, माळ थेट २३० ला जोडलेली असते. डबीतील बटणाने दिवे नाचतात, पण दाब उतरत नाही. खरी अतिलघुदाबाची माळ ओळखण्याची खूण अ‍ॅडॅप्टरवर असते: ‘आउटपुट’पुढे १२ किंवा २४ व्होल्ट डीसी असे छापलेले, आणि तो घरात कोरड्या जागी राहून फक्त पुढची तार बाहेर जाणारी. दोन्ही प्रकारच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरात मात्र ‘एलईडी’ एवढेच असते.

मांडवांच्या कमानींवर आता रंग बदलणारे पिक्सेल आले आहेत. त्यांतील बरेचसे ५ व्होल्टवर चालतात, आणि हजारो पिक्सेल एकत्र आले की प्रवाह पुन्हा फुगतो. टोकाचे दिवे पुन्हा मंद होतात, पांढरा रंग पिवळट दिसू लागतो. त्यासाठी लायटिंगवाले कमानीच्या दोन्ही टोकांनी आणि मधूनही वीज सोडतात, आणि त्या जोडांसाठी पुन्हा जाड तांब्याची तार विकत घेतात.