पायात जोर होता, अडलं कागदावर

आज मी तुम्हाला दोन सायकलवाल्या बायकांची हकीकत सांगणार आहे. एक आपल्या पुण्याची, आत्ताच्या काळातली. दुसरी शंभर वर्षांपूर्वीची, इटली देशातल्या गरीब शेतकरी घरातली. दोघींच्या पायात जोर होता. चढ आला, पाऊस आला, म्हणून दोघी थांबल्या नाहीत. त्यांची वाट अडली ती परवान्यापाशी, नावापाशी आणि पैशापाशी.

पुण्याच्या पोरीचं नाव वेदांगी कुलकर्णी. इंग्लंडमध्ये बोर्नमथ विद्यापीठात ती खेळांचं व्यवस्थापन शिकत होती. २०१८ च्या जुलैत ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून सायकलवर निघाली, पृथ्वीप्रदक्षिणेला. अशा प्रदक्षिणेचे नियम ठरलेले आहेत. साधारण २९,००० किलोमीटर सायकल चालवायची, दिशा एकच ठेवायची, समुद्र आडवा आला की विमानाने ओलांडायचा. तिने १४ देश पार केले आणि डिसेंबरात कोलकात्याला २९,००० किलोमीटर पूर्ण केले. दिवस लागले १५९. वय होतं २०.

आपण बैठकीत व्याज काढतो तसा जरा भागाकार करा. रोजचे सरासरी १८२ किलोमीटर येतात. म्हणजे सकाळी चऱ्होलीतून निघायचं, पार कराडपर्यंत जायचं, आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तेवढंच पुढे जायचं.

कॅनडात तिच्या मागे अस्वल लागलं. स्पेनमध्ये चाकू दाखवून तिला लुटलं. रशियात बर्फात तंबू ठोकून तिने एकटीने रात्री काढल्या. पेपरात हेच ठळक छापून आलं. मला त्याच बातमीतल्या दोन साध्या गोष्टी मोठ्या वाटल्या. पहिली, व्हिसाची. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशात शिरायचा परवाना. त्याच्या अडचणींमुळे तिचं वेळापत्रक कोलमडलं आणि युरोपातला रस्ता ऐन थंडी सुरू होताना कापावा लागला. दुसरी, पैशाची. प्रवासाचा बराचसा खर्च आईवडिलांनी उचलला. ते पाठीशी उभे नसते, तर एवढा जोर असूनही पोरगी कुठवर गेली असती?

आता शंभर वर्षं मागे जाऊ. अल्फोन्सिना स्ट्राडा हिचा जन्म १८९१ चा, उत्तर इटलीतला. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी घरी एक जुनी सायकल आणली. कोंबड्या देऊन त्या बदल्यात आणली, असं सांगतात. त्या सायकलीवर ती शिकली, शर्यती जिंकू लागली. लोकांनी नावं ठेवली. लग्न झालं की खूळ जाईल, असं घरच्यांना वाटलं. पण लग्न झालं, तेव्हा नवऱ्याने तिला भेट काय दिली? शर्यतीची सायकल! १९१७ आणि १९१८ मध्ये ती मोठ्या शर्यतीत पुरुषांच्या बरोबरीने उतरली. सायकल हीच तिची रोजीरोटी झाली.

१९२४ मध्ये इटलीच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत, 'जिरो दि इतालिया'त, तिला जागा मिळाली. नामांकित सायकलपटू त्या वर्षी पैशाच्या वादावरून आले नव्हते, आयोजकांना माणसं हवी होती. तरी यादीत तिचं नाव छापलं 'अल्फोन्सिन'. शेवटचं एक अक्षर खाल्लं, म्हणजे बाई आहे की पुरुष, पटकन कळू नये. शर्यत १२ टप्प्यांची, ३,६१३ किलोमीटरची. रस्ते कच्चे, चिखलाचे. एका टप्प्यात तिच्या सायकलीचं हँडल मोडलं. तिने झाडूचा दांडा बसवला आणि सायकल पुढे काढली. वेळेची मर्यादा मात्र चुकली, म्हणून निकालातून तिला वगळलं. पण रस्त्याच्या कडेला लोक तिलाच बघायला जमत होते, त्यामुळे आयोजकांनी तिला पुढे चालवू दिलं. निघाले होते ९० जण. शेवटी अधिकृत यादीत उरले ३०. अल्फोन्सिनाही मिलान शहरात पोहोचली, फक्त तिचं नाव त्या यादीत नव्हतं.

पुढच्या वर्षी तिचा अर्ज घेतलाच नाही. बायकांसाठी तशी वेगळी शर्यत सुरू झाली ती १९८८ मध्ये, म्हणजे ६४ वर्षांनी.

एव्हाना नवरा मानसिक आजाराने रुग्णालयात होता आणि त्याचा खर्च तिच्या कमाईतून चालला होता. शर्यत बंद झाली म्हणून घर थांबत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! ती सर्कशीत सायकलीचे खेळ करू लागली, मिळतील त्या शर्यतींत उतरू लागली. उतारवयात तिने मिलानमध्ये सायकल विक्री-दुरुस्तीचं स्वतःचं दुकान काढलं. १९५९ मध्ये ती वारली.

आता आपल्याकडे बघू. इंद्रायणीच्या अलीकडे महापालिका, पलीकडे ग्रामपंचायत, आणि दोन्ही तीरांना कंपन्यांचे ट्रक. पोरीला सायकलवर पाठवायची भीती वाटते, ती काही खोटी नाही. पण त्या भीतीवर उपाय रस्त्याच्या कडेचा आणि दिव्यांचा आहे, ग्रामसभेत किंवा वॉर्डात मागायचा. पोरीला घरी बसवून रस्ता काही सुधारत नाही.

आपल्या गटांतून म्हशीला कर्ज जातं, शिलाई मशीनला जातं, लग्नाला तर जातंच. सायकलीसाठी कोणी मागितलं, तर "खेळणं आहे ते" म्हणून हसू नका. जी पोरगी सायकलने शाळेत जाते, जी ताई सायकलने कामावर जाते, तिचे रिक्षाचे पैसे रोज वाचतात आणि त्यातून हप्ता फिटतो. येत्या बैठकीत हा विषय इतिवृत्तात लिहून घ्या. आणि सायकल घेतलीच, तर दुकानदाराकडून पावती तिच्याच नावाने करून घ्या. पूर्ण नावाने, एकही अक्षर न गाळता.