‘बोर्ड’ : एका फळीचा इतिहास

दुकानावर नांवाची पाटी चढली कीं तिला ‘बोर्ड’ म्हणतात. दहावीस बसलेला विद्यार्थी ‘बोर्डाच्या’ परीक्षेची धास्ती घेतो. कंपनीचे भागीदार ‘बोर्डाच्या’ निर्णयाकडे डोळे लावून बसतात. आणि घर सोडून शिकावयास आलेला मुलगा ‘बोर्डिंगांत’ राहतो. पाटी, परीक्षा, कारभार आणि जेवणखाण यांचा परस्परांशीं संबंध तो काय? वरवर पाहतां कांहींच नाहीं. तथापि हे सर्व अर्थ एकाच इंग्रजी शब्दाचे आहेत, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ अगदींच साधा आहे : लांकडाची फळी.

मध्ययुगीन इंग्लंडांत मोठ्या घरांच्या दालनांतही जेवणाचें मेज सहसा कायमचें मांडलेलें नसे. भोजनाची वेळ झाली कीं लांकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकावयाच्या, त्यांवर कापड अंथरावयाचें, आणि जेवणें आटोपलीं कीं त्या उचलून बाजूला ठेवावयाच्या, असा परिपाठ होता. त्यामुळें फळी हेंच मेज झालें आणि मेजालाही ‘बोर्ड’ म्हणूं लागले. पेले मांडण्याची फळी ती ‘कपबोर्ड’. पुढें तिला दारें आलीं आणि तिचें कपाट झालें. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणखी एक पाऊल पडलें : मेजावर जें वाढलें जातें त्या अन्नालाही ‘बोर्ड’ हेंच नांव मिळालें. मराठी गृहिणी ‘पान वाढलें’ म्हणते तेव्हां तिच्या मनांत केळीचें पान नसतें, जेवण असतें. तसाच हा प्रकार. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरीं जेवणारा तो ‘बोर्डर’, आणि जेथें मुलांच्या राहण्याजेवणाची सोय असते ती ‘बोर्डिंग’ शाळा.

दर्यावर्दी लोकांनीं हा शब्द जहाजाच्या कडेस लावला. जुन्या जहाजांचें सुकाणूं उजव्या अंगास बांधलेलें असे, म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूंची बाजू, ठरली. जुगाऱ्यांनींही त्याला आपल्या बैठकीस ओढलें. मेजाखालीं हात नेऊन पानें बदलणारा लबाड, आणि ज्याचे हात मेजावर सर्वांना दिसतात तो सचोटीचा. म्हणून सरळ व्यवहाराला ‘अबव्ह बोर्ड’ म्हणूं लागले. ही व्युत्पत्ति डॉक्टर जॉन्सननें सन १७५५ च्या आपल्या कोशांत नोंदली आहे.

परंतु या शब्दाचा खरा दुभंग झाला तो दुसऱ्याच ठिकाणीं. मेजाभोंवतीं माणसें जेवावयास बसतात, तशींच मसलतीसही बसतात. सोळाव्या शतकापासून मसलतीच्या मेजाला आणि पुढें त्याभोंवतीं बसणाऱ्या मंडळालाच ‘बोर्ड’ म्हणण्याची रीत पडली. फारसींतही ‘तख्ता’ म्हणजे फळी आणि ‘तख्त’ म्हणजे सिंहासन. तेव्हां फळीचें आणि सत्तेचें नातें पूर्वेकडच्या लोकांनाही अपरिचित नव्हतें. अशा रीतीनें एकाच शब्दाच्या पोटांत अन्न आणि अधिकार हीं दोन्हीं येऊन बसलीं.

हीं दोन्हीं समोरासमोर आलीं म्हणजे काय घडतें, तें चार्ल्स डिकन्सनें दाखविलें. सन १८३४ च्या कायद्यानें इंग्लंडांतील गरीबखान्यांचा कारभार पालक-मंडळांच्या, म्हणजे ‘बोर्डांच्या’, हातीं दिला. सन १८३७ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ कादंबरींत लहानग्या ऑलिव्हरला अशा मंडळापुढें उभें करून ‘बोर्डाला’ लवून नमस्कार करावयास सांगतात. पोराला बोर्ड कोठेंच दिसेना. समोर मेज दिसलें, त्यालाच त्यानें नमस्कार केला. वाचक हंसतो, पण तें हंसूं फार वेळ टिकत नाहीं. कारण त्याच मेजाभोंवतीं बसलेले धष्टपुष्ट गृहस्थ गरिबांना दिवसांतून तीन वेळां पातळ पेज देण्याचें ठरवितात. अन्नाच्या मेजावर बसून अन्न नाकारणारी सत्ता, हें या शब्दाच्या इतिहासांतील सर्वांत कडवट पान होय.

हिंदुस्थानांत हा शब्द प्रथम अधिकाराच्या अंगानेंच आला. सन १७८४ मध्यें पिट्‌च्या कायद्यानें ईस्ट इंडिया कंपनीवर लंडनमध्यें ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ बसविलें. ज्याच्या सन १८५४ च्या खलित्यावर येथील शिक्षणखातें उभारलें गेलें, तो चार्ल्स वुड याच बोर्डाचा अध्यक्ष होता. तत्पूर्वीं, सन १८४० मध्यें, मुंबईस ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झालें. त्यांत युरोपियनांच्या जोडीला एतद्देशीय सभासदही होते. नाना शंकरशेट त्यांपैकीं एक. सन १८८४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत तालुका व जिल्हा लोकल बोर्डें आलीं. आरंभीं जिल्हा बोर्डाचें अध्यक्षपद कलेक्टराकडेच असे. तरी रस्ता, विहीर, शाळा यांविषयीं बोलण्यास खेड्यांतील माणसाला मेजाच्या एका कोपऱ्यावर जागा मिळाली. सन १९६२ मध्यें जिल्हा परिषदा येईपर्यंत ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या गांवोगांवीं चालू होता.

शब्दाची दुसरी शाखा, अन्नाची, मागाहून आली. पण ती अधिक खोल रुजली. सन १९०१ मध्यें शाहू छत्रपतींच्या प्रेरणेनें कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि पाठोपाठ निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं राहिलीं. शाळा गांवांत असून भागत नाहीं, शिकणाऱ्याच्या पोटांत घांस पडावा लागतो, हें महाराजांनीं ओळखलें होतें. सन १९२४ मध्यें भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें, तें एक पाऊल पुढें गेलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र रांधीत आणि एकाच पंक्तीला जेवीत. सन १९२७ मध्यें महात्मा गांधींच्या हस्तें त्याला ‘श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस’ हें नांव मिळालें. या मुलांच्या धान्यासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले, शेवटीं मंगळसूत्रही दिलें.

कोशकार अर्थांचे अनुक्रमांक लावतात, पण अर्थांचें मोल त्या आंकड्यांत नसतें. फळीचें मेज झालें, मेजाचें अन्न झालें, अन्नाच्या मेजावर सत्ता येऊन बसली. तें मेज तेंच; त्याभोंवतीं कोण बसतें आणि त्यावरून कोणाला काय वाढलें जातें, यावर शब्दाची किंमत ठरते. ऑलिव्हरच्या बोर्डानें भुकेल्या पोराला पेज मोजून दिली. साताऱ्याच्या बोर्डिंगनें त्याला सर्वांच्या पंक्तीला पाट मांडून दिला.