भिंत, वीट आणि सुई

श्रोतेहो, रॉक संगीताचे नाव काढले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर वाढलेले केस, कानठळ्या बसवणारी गिटार आणि नशा उभी राहते. गाण्यात नशेचा उल्लेख आला की गाणे नशेचेच, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. मी गझलेच्या वाटेने आलेला माणूस. शेरात साकी आणि प्याला आला म्हणून शायर गुत्त्यात बसला आहे, असे जाणकार मानत नाही. पाजणारा कोण, पेल्यात काय आहे आणि पिणाऱ्याची तहान कसली, असे तीन प्रश्न तो विचारतो. तेच प्रश्न आज एका इंग्रजी ध्वनिमुद्रिकेला विचारू. लंडनच्या 'पिंक फ्लॉइड' या वाद्यवृंदाने ती ३० नोव्हेंबर १९७९ रोजी प्रकाशित केली. नाव 'द वॉल', म्हणजे भिंत.

या भिंतीचा पाया आधीच घातला गेला होता. १९६५ मध्ये हा वृंद उभा राहिला, तेव्हा त्याचा मुख्य गीतकार आणि गायक होता सिड बॅरेट. १९६७ मध्ये कीर्ती आली, त्याच सुमारास एलएसडीचे सेवन वाढले आणि त्याचे मन ढासळत गेले. १९६८ मध्ये त्याला वृंद सोडावा लागला. जून १९७५ मध्ये त्याचे जुने सोबती लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याच्याच आठवणीवरच्या गाण्याचे काम करत होते. तेव्हा एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला माणूस आत आला. बराच वेळ त्याला कोणी ओळखले नाही. तो सिड होता. २००६ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, तो केंब्रिजमध्ये वारला.

आता गीतकार रॉजर वॉटर्सकडे येऊ. तो काही महिन्यांचा असताना, १९४४ मध्ये, त्याचे वडील इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. पुढे तो प्रचंड स्टेडियममध्ये गाऊ लागला. जुलै १९७७ मध्ये माँट्रियलच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या एका दंगेखोर चाहत्यावर तो थुंकला आणि आपल्याच कृत्याने हादरला. आपण आणि श्रोते यांच्यामध्ये भिंतच उभी आहे, ही कल्पना त्याला तिथून सुचली. १९८० आणि १९८१ च्या प्रयोगांत त्याने ती खरोखर बांधली. कार्यक्रम चालू असताना पुठ्ठ्याच्या विटा रचल्या जात आणि सुमारे चाळीस फूट उंच भिंतीआड वादक दिसेनासे होत.

कथानायक पिंक हा एक रॉक गायक. युद्धात गेलेला बाप, अतिकाळजी करणारी आई, हिणवणारे मास्तर, मोडलेला संसार अशी एकेक वीट लागत जाते. आपल्या भाषेत 'वीट' या शब्दाला दुसरा अर्थही आहे. एखाद्या गोष्टीचा वीट येतो. पिंकला जगण्याचाच वीट येतो आणि त्याच विटांनी तो स्वतःला चिणून घेतो.

या संग्रहातल्या 'कम्फर्टेबली नंब' या गाण्याला बरेच जण नशेचे गाणे समजतात. त्यामागची हकिकत वॉटर्सनेच सांगितली आहे. १९७७ च्याच दौऱ्यात, फिलाडेल्फियात, त्याच्या पोटात असह्य कळा येत होत्या. डॉक्टरने इंजेक्शन दिले आणि त्या बधिर अवस्थेत तो कार्यक्रमभर उभा राहिला. म्हणजे इथे पाजणारा साकी नाही, मुकादम आहे. पेल्यात आनंद नाही, बधिरता आहे. तहानही गायकाची नाही. तिकिटे विकली गेली आहेत, खेळ झाला पाहिजे, ही तहान व्यवस्थेची आहे. सुई दुखणे बरे करत नाही, माणसाला कामावर परत पाठवते.

पुढे काय होते? मंचावर परतलेला पिंक हुकूमशहा बनतो. मैफलीची सभा होते आणि तो गर्दीतून नकोशी माणसे वेचू लागतो. ज्याला स्वतःची वेदना जाणवत नाही, त्याला दुसऱ्याची कुठून जाणवणार? व्यसन, कीर्ती आणि सत्ता हे वेगळे वाटणारे विषय इथे एका साखळीत येतात.

याच संग्रहातले शाळेवरचे गाणे सर्वाधिक गाजले. लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या तेवीस मुलांनी त्यात कोरस दिला. त्यातल्या दुहेरी नकारावर व्याकरणप्रेमींनी नाके मुरडली, पण रस्त्यावरची बोली तशीच असते. गाण्याचा रोख शिकण्यावर नाही, मुलांना एका साच्याच्या विटा करणाऱ्या शाळेवर आहे. हा अर्थ दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना अचूक कळला. १९८० मध्ये वर्णभेदी, असमान शिक्षणाविरुद्ध बहिष्कार पुकारणाऱ्या मुलांनी हे गाणे आपले केले आणि मे महिन्यात सरकारने त्यावर बंदी घातली. वॉटर्सने ते लिहिले होते स्वतःच्या इंग्रजी शाळेच्या आठवणीतून. गाणे कवीच्या हातून सुटले की गरजवंताचे होते, ते असे.

जुलै १९९० मध्ये, बर्लिनची भिंत पडल्यानंतर आठ महिन्यांनी, वॉटर्सने त्याच शहरात हा प्रयोग केला. लोकांनी तो विजयोत्सव मानला. पण मूळ संग्रह इतका निश्चिंत नाही. शेवटी भिंत पडते, अखेरचे वाक्य मात्र अर्धवट तुटते आणि त्याचा उरलेला तुकडा संग्रहाच्या अगदी सुरुवातीला ऐकू येतो. म्हणजे रचाई पुन्हा सुरू.

तेव्हा श्रोतेहो, घरातला मुलगा कानाला यंत्र लावून असले काही ऐकत असेल, तर लगेच रागावू नका. काय ऐकतोस, ते त्याला विचारा. शक्य झाले तर शेजारी बसून एकदा तुम्हीही ऐका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)