धवलारीण : टाळेबंदीतली लग्ने आणि आठशे वर्षांची एक परंपरा

१/१३
पनवेल तालुक्यातील गव्हाण हे उलव्याशेजारचे, नवी मुंबईच्या वेढ्यात आलेले जुने गाव. या पट्ट्यातील आगरी-कोळी समाजात लग्नविधी चालवण्याचा मान परंपरेने एका स्त्रीचा आहे. तिला धवलारीण म्हणतात. २०२० ते २०२२ या काळातील निर्बंधांनी तिच्यापुढे जो पेच उभा केला, त्याची मुळे १८९७ च्या प्लेगपर्यंत पोहोचतात. तिची परंपरा मात्र त्याहूनही कितीतरी जुनी आहे.

२/१३
धवलारीण म्हणजे धवळे गाणारी. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे वेगळे गाणे असते. ते म्हटल्याशिवाय विधी पुरा होत नाही. ग्रामदैवतांना, कुलदैवताला आणि घरच्या पूर्वजांना लग्नाचे आमंत्रण तीच गाण्यातून देते. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. त्यामुळे घराघरात तिचे नाव ‘धवलारीन’ असेच ऐकू येते.

३/१३
हा शब्द मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाशी जोडलेला आहे. महानुभाव पंथातील महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. ऋद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणी विवाहावरचे ‘धवळे’ रचून गायिले. हा काळ तेराव्या शतकाचा. ‘धवल’ या मंगलप्रसंगीच्या गीतप्रकाराची दखल संस्कृत संगीतग्रंथांनीही घेतलेली आहे.

४/१३
लग्न स्त्रीने लावावे, ही कल्पना उत्तर कोकणात अनोखी नाही. ठाणे-पालघरच्या वारली समाजातही धवलेरी नावाची स्त्री लग्नाची गाणी गाते. तिच्या गायनाच्या साथीने भिंतीवरचा लग्नचौक सिद्ध होतो. सहसा पोथी-पुरोहिताच्या चौकटीतून पाहिला जाणारा लग्नविधी येथे गळ्यावर आणि स्मरणावर उभा आहे.

५/१३
पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा पहिला सत्यशोधक विवाह भटजीशिवाय पार पडला, तेव्हा ते बंड ठरले. पुढे अशा विवाहांवरून ग्रामजोशांच्या हक्काचे खटलेही झाले. त्याच प्रांताच्या किनारपट्टीवर मात्र धवलारीण कोणताही जाहीरनामा न काढता आपले काम करीत होती. कालांतराने मंगलाष्टके आणि मुहूर्त सांभाळणारे भटजीही मांडवात आले आणि दोन्ही विधी शेजारी-शेजारी नांदू लागले.

६/१३
कायद्याने तिला दार बंद केलेले नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम ७ सांगते की वधू किंवा वर यांच्या रूढीतील विधींनुसार विवाह होऊ शकतो. ज्या रूढीत सप्तपदी समाविष्ट आहे, तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. म्हणजे रूढी हाच पाया. आणि रूढी ज्यांच्या स्मरणात जिवंत राहते, त्यांत धवलारीण अग्रभागी.

७/१३
आता महामारी. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग उद्भवला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. मूळ कायद्यात अवघी चार कलमे होती. मात्र सरकारला तात्पुरते नियम करण्याचा विस्तृत अधिकार त्यातून मिळाला. याच कायद्याचा आधार महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये पुन्हा घेतला. जोडीला आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ होता.

८/१३
तारखा पाहा. देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० पासून. २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया बंद दारांआड गेली. मे महिन्यात लग्नाला ५० पाहुण्यांची मुभा मिळाली, पण चातुर्मास १ जुलैला लागला. त्यातच १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर अधिक आश्विन आला. नेहमी चार महिने चालणारा चातुर्मास पाच महिने लांबला. भातपेरणीपूर्वी, वैशाखात लग्ने उरकणाऱ्या गावांचा हंगाम जवळजवळ पूर्ण वाया गेला.

९/१३
दुसरी लाट अधिक कठोर ठरली. २२ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून राज्यात लग्नासाठी नवा नियम आला : एकच सभागृह, एकच समारंभ, दोन तासांची मर्यादा, कमाल २५ माणसे. नियम मोडल्यास ५०,००० रुपये दंड. १४ मेची अक्षय्य तृतीयाही निर्बंधांतच उजाडली. मृत्यूचे आकडे पाहता या सक्तीमागचे कारण उघड होते.

१०/१३
पण या हिशेबात धवळे कुठे बसतात? धवलारीण एकटी गात नाही. ती ओळ उचलते आणि भोवतालच्या बाया ती झेलून पुढे नेतात. विधी दोन तासांत मावत नाहीत. ते काही दिवसांवर पसरलेले असतात. पंचवीसांत दोन्हीकडचे जवळचे नातेवाईक मोजून झाल्यावर गाणाऱ्या बायांसाठी जागा उरणे कठीण. व्हिडिओ कॉलवर मंगलाष्टके एकट्याने म्हणता येतात. झेलून म्हणायचे गाणे मात्र आवाज क्षणभर मागे पडला तरी मोडते.

११/१३
वयाची अडचण वेगळीच. धवलारिणी बहुतांशी वृद्ध आहेत आणि मे २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ६५ वर्षांवरील व्यक्तींना अत्यावश्यक कारणाखेरीज घरीच राहण्यास सांगितले होते. १३ एप्रिल २०२१ रोजी राज्याने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. लग्नविधी करणाऱ्यांचा वर्ग त्या यादीत नव्हता. जिचा मोबदला लुगडे, नारळ, तांदूळ आणि यजमान देईल ती रक्कम या रूपात येतो, तिची नोंद कोणत्या वहीत सापडणार?

१२/१३
हे गणित केवळ दोन हंगामांच्या मिळकतीचे नाही. धवळे शिकवणारी शाळा नाही. सून सासूच्या, भाची मावशीच्या मागे बसून लग्नालग्नांत ती गाणी ऐकते, झेलते आणि वर्षांनी स्वतः उचलते. लग्न हाच तिचा वर्ग. सलग दोन उन्हाळे तो वर्ग ओस पडला. सिडकोच्या भूसंपादनानंतर शेती गेली, पेरणी-लावणीची गाणी विरळ झाली. त्यानंतर सामूहिक गायनाची जी मोजकी ठिकाणे उरली होती, त्यांत लग्नाचा मांडव प्रमुख होता.

१३/१३
राज्यातील निर्बंध एप्रिल २०२२ मध्ये उठले. मांडव पुन्हा गजबजले आणि डीजेही परतला. तरुण इतिहासप्रेमींना येथे करण्यासारखे काम आहे. घरात किंवा गावात धवलारीण असेल, तर तिचे धवळे तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावेत. तिला एकटीला बसवून नव्हे, तर झेलणाऱ्या बायांसह. कोणते गाणे कोणत्या विधीचे, ते कोणाकडून शिकले आणि ती कोणत्या गावची, हेही लिहून ठेवावे. बोलीतील ‘न’ आणि ‘ल’ सुधारू नयेत. येत्या वैशाखातले एखादे लग्न या कामाच्या आरंभास पुरेसे आहे.